आजी नव्वद जगली, बाकीच्यांचं काय?

गणपती झाल्यावर गावी गेलो होतो. माझ्या बहिणीच्या, अक्काच्या फडताळात गोळ्यांचा पत्र्याचा डबा असतो, तो सहज उघडला. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी एव्हाना संपायला हवी होती, पण निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या. विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "माका बरां वाटता. मगे गोळी कित्याक खाव?" आणि वर, "आपली आजी नव्वद वर्सां जगली, तिना खंय गोळी खाल्ल्यान?"

हे तिचं स्वतःचं नव्हे, हे मला लगेच कळलं. मोबाईल मागितला. पुतण्याने डोंबिवलीहून भावकीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज होता, तोच पुढे वाडीच्या ग्रुपवर आणि तिथून बचत गटाच्या ग्रुपवर गेलेला. मजकूर थोडक्यात असा: आपले पूर्वज शंभर वर्षं जगत, महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले, आता सरासरी पन्नाशीवर आली. आज्या-पणज्यांची अकरा-अकरा बाळंतपणं सुईणीच्या हातून घरात झाली, कुणाला काही झालं नाही. लसी नव्हत्या म्हणून पोरं काटक होती. विंचू-साप मंत्राने, पाल्याने उतरत. बीपी आणि शुगर हे औषध कंपन्यांनी काढलेले आजार आहेत, गोळ्या बंद करा, पेज आणि नाचणी खा. शेवटी नेहमीचं, जागे व्हा, पुढे पाठवा.

अक्काला दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात नेलं. वरचा १९०, खालचा ११०. अडुसष्ट वर्षांची बाई, घरात एकटी, आणि तिला "बरां वाटता". हे आकडे बघितल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

पहिला मुद्दा, शंभर वर्षांचा. एक साधा हिशेब करू, पाटीवरचा. पाच भावंडं. दोन तान्ही असतानाच गेली, त्यांचं वय शून्य धरा. एक बहीण विसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. एक भाऊ पन्नासाव्या वर्षी. आणि एक बहीण नव्वद वर्षं जगली. बेरीज १६०, भागिले पाच, ३२. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या सुमाराला आपल्या देशाचं सरासरी आयुर्मान तेवढंच होतं, ३२ वर्षांच्या आसपास. त्याच्याही आधी, इन्फ्लुएंझाच्या साथीने देश झोडपला त्या १९११ ते १९२१ च्या दशकात, ते जेमतेम २० होतं. म्हणजे नव्वदीच्या आज्या तेव्हाही होत्या, कोण नाही म्हणतो? पण नातवंडांनी पाहिली ती फक्त तीच आजी. बाकीची चार भावंडं कुणाला दिसलीच नाहीत, मग ती मेसेजमध्ये कुठून येणार?

आता आजचं. नमुना नोंदणीच्या सरकारी आकड्यांत १९७०-७५ या काळात भारताचं आयुर्मान ४९.७ वर्षं होतं. २०१६-२० मध्ये ते ७० झालं. करोनाची वर्षं धरलेल्या २०१७-२१ च्या आकड्यात किंचित खाली आलं, तरी ६९ च्या वरच राहिलं. पन्नाशीवर होतं ते पन्नास वर्षांपूर्वी. मेसेज लिहिणाऱ्याने हिशेब उलटाच धरलाय.

महर्षी कर्व्यांचं नाव यात ओढलं याचा मला सगळ्यात जास्त राग आला. १८५८ ते १९६२, १०४ वर्षं, हे खरं. पण त्यांच्या घरात जरा आत जाऊन बघा की. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली गेल्या, तिशीसुद्धा गाठली नव्हती. दुसरा विवाह १८९३ साली झाला तो गोदूबाईंशी, ज्या लहानपणीच विधवा झाल्या होत्या. आणि १८९६ साली अण्णा कर्व्यांनी विधवांसाठी आश्रमाचं काम सुरू केलं. कशासाठी? कोवळ्या वयात पांढऱ्या कपाळाच्या मुली घराघरात बसलेल्या होत्या म्हणून. नवरा मेल्याशिवाय बाई विधवा होत नाही. काही ठिकाणी म्हाताऱ्याला लहान पोर दिलेली असे, मान्य. पण सगळे नवरे काही म्हातारे नव्हते. दहा-पंधरा-वीस वर्षांचे मुलगे प्लेगाने, पटकीने, तापाने जात होते. ज्या माणसाचं सगळं आयुष्य अकाली मरणाने उघड्यावर टाकलेल्या बायकांसाठी गेलं, त्याच्याच नावाने "पूर्वी कुणी लवकर मरत नव्हतं" असं सांगायचं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. जात पडताळणीसाठी लोक आजोबा-पणजोबांचा दाखला मागायला येत, तेव्हा जुनं जनरल रजिस्टर काढावं लागे. कापडी पुठ्ठा, वाळवीने कडा खाल्लेल्या, मोडीचं वळण असलेलं अक्षर. त्यात शेवटी एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. "इयत्ता चौथी पास", "मुंबईस गेला", "सतत गैरहजर". आणि मधूनच एकच शब्द, "मयत". एका पानावर एकदा नाही, अनेक वेळा. दुसरीतला मुलगा, तिसरीतला मुलगा. मी नोकरीत असतानाच्या रजिस्टरात तो शब्द लिहायची वेळ क्वचित आली. आणि लक्षात घ्या, हे शाळेत पोचलेल्यांचं. जे पाच-सहा वर्षांचे झालेच नाहीत त्यांची तिथे ओळच नाही.

त्याच रजिस्टरात मुलांची नावं वाचा. भिकाजी, भिकू, धोंडू, दगडू, केरू. आजकालच्या पोरांना ही नावं गमतीची वाटतात. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला असलं नाव ठेवत. देवाकडे भीक मागून आणलेला, म्हणून भिकाजी. दगड-धोंडा आहे, केर आहे, याच्यावर मरणाची नजर पडू नये, म्हणून धोंडू आणि केरू. आपल्या गावाच्या सातबारावर ही नावं किती आहेत ते मोजा. जिथे मुलं मरत नव्हती तिथे लोक आपल्या लाडक्या लेकाला केर कशाला म्हणतील?

बाळंतपणाचंही तसंच. "कुणाला काही झालं नाही" म्हणतात, आणि याच कोकणात संध्याकाळी पाणंदीतून जाताना अळवंतीण धरील म्हणून आम्हाला घाबरवत. अळवंतीण म्हणजे कोण? ओली बाळंतीण मेली की तिचं जे होतं ते. भुतांत एक वेगळी जातच करावी लागली, इतक्या बाया त्यात गेल्या. पाचवीच्या रात्री दिवा विझू न देता जागायचं, सटवाईची पूजा करायची, हे का? कारण नाळ विळ्याने-कोयत्याने कापलेली असे आणि पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात धनुर्वाताने बाळ आखडून जाई. मला तरी त्या जागरणामागे तीच भीती दिसते. बाळंतिणींना धनुर्वाताची सुई आणि नाळेला निर्जंतुक ब्लेड मिळाल्यावर तो धनुर्वात हटला, २०१५ साली देश त्यातून मुक्त जाहीर झाला. एक लाख जिवंत जन्मांमागे मरणाऱ्या माता २००१-०३ मध्ये ३०१ होत्या, २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात ३३. ही सुईणीची निंदा नव्हे. आमच्या वाडीतल्या सुईणीचा हात हलका होता असं आई सांगायची. पण रक्त थांबेना झालं की त्या हाताजवळ दुसरं काही नव्हतं.

लसींवर फार लिहीत नाही. तोंडावर देवीचे वण असलेली माणसं आमच्या लहानपणी प्रत्येक वाडीत होती, आजच्या पोरांत एक दाखवा. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, पोलिओचा २०११ चा. १९७१ साली हजारांतली १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती, २०२० साली २८. पोरं काटक होती म्हणता, ती उरलेली काटक होती.

आता विंचू. हा मुद्दा वाचून माझा हात थरथरला, कारण भातकापणी तोंडावर आहे. उडवी रचताना, जांभ्याचा गडगा सारखा करताना, लाकूडफाटा उपसताना तांबडा विंचू चावतोच. आणि या विंचवाचा इतिहास आपल्याच कोकणात लिहिला गेलाय.

महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचू चावलेली मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, आणि मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस. त्यांनी एकेका रुग्णापाशी रात्र-रात्र बसून नाडी आणि रक्तदाब टिपून ठेवला. त्यातून दिसलं ते असं: या विषाने शरीरात अशी रसायनं उसळतात की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय दमतं. मग त्यांनी प्राझोसिन नावाची गोळी वापरून पाहिली. त्यांचं आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचं हे काम १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याआधी तीव्र लक्षणं दिसलेल्या रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण एक टक्क्यावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण माझ्या मते त्यांचा खरा सन्मान म्हणजे महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात आज चाळिशी-पन्नाशीत असलेली माणसं.

आणि प्राझोसिन ही कसली गोळी? रक्तदाबाची. जी कंपन्यांची लबाडी म्हणून टाकून द्यायला मेसेज सांगतो, त्याच जातीची. पूर्ण मेसेजला एवढं एक उत्तर पुरेसं आहे.

मग मंत्राने उतरतो तो कोणता विंचू? बहुतेक वेळा चावा साधा असतो. वेदना ठणकून होतात आणि काही तासांनी आपोआप कमी होतात. तेवढ्यात मांत्रिक येऊन गेलेला असतो. पण जेव्हा चावा साधा नसतो तेव्हा तेच तास पोराच्या जिवाचे असतात. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की गाडी काढायची आणि सरळ आरोग्य केंद्र गाठायचं. सापाचंही तेच. फुरसं चावल्यावर पाला बांधून बसणाऱ्यांबद्दल मी आणखी काही लिहीत नाही.

राहिला बीपी आणि शुगरचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, ते मी नाइलाजाने का होईना मान्य करतो. हे आजार वाढलेत. २०२३ साली आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही निघाले, आणि सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. माझे वडील चार मैल चालत बाजाराला जात, आम्ही नाक्यावर दूध आणायला स्कूटर काढतो. नाचणी गेली, पांढरा भात आणि बेकरी आली. सिझेरियनबद्दलही बोंब खोटी नाही. देशभरात खाजगी रुग्णालयांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियन झाली, हे सरकारचीच २०१९-२१ ची कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पेज प्या, नाचणी खा, चाला, माझी काहीच हरकत नाही. पण पेज पिऊन १९० चा १३० होत नाही. शिवाय आमच्या पेजेसोबत काय असतं? सुका बांगडा, खारातली मिरची, वर लोणचं. म्हणजे मीठच मीठ.

आणि पूर्वी बीपी नव्हता कशावरून? मोजत कोण होतं? "बसल्या जागी गेला", "एक बाजू गेली", "वारं गेलं अंगावरून", हे शब्द आपण कंपन्यांकडून शिकलो का? या आजारात दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर "बरां वाटता" या दोन शब्दांत तो लपतो.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, मी फक्त पुढे पाठवलं, मी कुठे लिहिलं?" त्याला अक्काचा आकडा सांगितला तेव्हा गप्प झाला. मेसेज त्याने काढून टाकला, पण बचत गटाच्या ग्रुपवर तो अजून फिरतोय, म्हणून हे एवढं लिहिलं.

अक्का आता रोज रात्री जेवून झाल्यावर गोळी घेते. आशाताई आठवड्याला येऊन बघून जातात. मागच्या खेपेला १४६ वर ८८ होता.

हे लिहून झाल्यावर ओटीवर बसून मी तिला सगळं वाचून दाखवलं. भिकाजी या नावापाशी तिने मला थांबवलं. आमच्या वडिलांचं नाव भिकाजी. ती म्हणाली, "बाबांच्या आदी दोन झील झालेले. आजी दिवाळीत सांगायची, रडायची." हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, त्या दोन मुलांची नावं काय होती?

"नावां खयची? बारशापर्यंत खंय रवले ते?"