पाणी ओसरते, अर्ज ओसरत नाही

25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेले पाणी पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरही कमरेइतके पाणी होते. ते संध्याकाळपर्यंत ओसरले, पण गाळ आणि अर्ज मात्र मागे राहिले. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा 75 टक्के असल्यामुळे मदतीचे निकष दिल्लीत ठरतात, आणि त्या निकषांत कपड्यांसाठी 2,500 व भांड्यांसाठी 2,500 रुपये मिळण्याकरिता घर दोन दिवसांहून अधिक काळ बुडालेले असावे, अशी अट आहे. म्हणजे बारा तासांत फ्रिज, गादी, मुलांची दप्तरे आणि पिठाचे डबे चिखलात गेले तरी पाणी जरा घाईने परतले, ही चूक आमचीच! राज्य सरकार कधी ही अट शिथिल करते, कधी करत नाही. तोवर प्रत्येक पावसाळ्यात तोच पंचनामा, तेच हेलपाटे. एका खिडकीवरच्या साहेबांनी तर पुरात भिजून लगदा झालेल्या शिधापत्रिकेची मूळ प्रतच मागितली, आणि मी तो लगदा खरोखरच पिशवीत घालून नेला.