स्टुलासाठी स्टूल

पार्किंगमध्ये एका गृहस्थांनी माझ्या पिकअपकडे बघून "अरेरे" केलं. मग चष्मा वर सरकवत म्हणाले, "अजून कंपनीचंच सस्पेन्शन का? नाकावर पडल्यासारखी दिसते हो."

त्याचा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे जिभेवरचा ताबा सुटला तर कारण माहीत असलेलं बरं.

त्यांची गाडी शेजारीच उभी होती. माझ्याच मॉडेलची, पण मजला वेगळा. चेसिस (खालचा सांगाडा) आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे, पुढच्या स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग-शॉकच्या खांबावर, स्पेसर नावाची चकती, मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली आणखी ठोकळे. टायर मापाने कंपनीचेच, फक्त नक्षी चिखलातली, आणि त्या नक्षीला चिखल म्हणून लागलेला नाही. आत चढायला ते एक घडीचं स्टूल वापरतात. ते स्टूल हौद्यात असतं. हौद्याची कड आता त्यांच्या हनुवटीला टेकते, त्यामुळे स्टूल काढायला स्टूल लागतं.

"जरा तेवढं काढून देता का?" ते म्हणाले. "तुम्ही उंच आहात."

ज्याच्या गाडीला दोन मिनिटांपूर्वी नावं ठेवली त्यालाच काम सांगायचं, याला एक प्रकारचं धैर्य लागतं. मी काढून दिलं. हौद्यात स्टूल आणि एक नवीकोरी रबरी चटई होती. बाकी काही नाही.

"मागे वजन किती टाकता?" मी विचारलं.

"वजन?" ते दचकले. "छे हो, ओरखडे पडतात."

"मग उचलली कशाला?"

"खडकाळ रस्त्यासाठी."

"जाता का?"

"तिथेही ओरखडेच पडतात ना."

"बरं, खड्डे तरी कमी जाणवतात?"

"जाणवतात तेवढेच," ते अभिमानाने म्हणाले, "पण आता वरून जाणवतात."

मी मागच्या धुऱ्याच्या मधल्या गोळ्याकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे, बोट दाखवलं. त्यांच्या गाडीखाली बघायला वाकावं लागत नाही, पण रीत म्हणून ते वाकले. मग माझ्या गाडीखाली बघितलं. मग पुन्हा त्यांच्या. दोन्ही गोळे जमिनीपासून अगदी सारख्या उंचीवर होते.

"हा का नाही उचलला त्यांनी?"

"तो ठोकळ्यांनी उचलला जात नाही."

"त्याचा वेगळा किट येतो का?"

"येतो. त्याला टायर म्हणतात."

"ब्रँड कुठला?" त्यांनी विचारलं, आणि मोबाइल काढून लिहून घ्यायला लागले.

आता त्या नाकाचं. रिकामी पिकअप पुढून खाली आणि मागून वर दिसते ती कुणाच्या विसराळूपणामुळे नाही. वजन पुढे बसत नाही, हौद्यात बसतं. माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. बहुतेक पिकअपच्या पाट्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली एक जाड, जवळजवळ सरळ पाटा असतो. रिकाम्या गाडीत तो कशालाच टेकत नाही, वजन पडल्यावरच कामाला लागतो. रिकाम्या गाडीचं बूड उडतं म्हणून तक्रार करणाऱ्यांनी तो एकदा बघावा. ही स्प्रिंग टनभर मालासाठी घडवलेली असते आणि आपण तिच्यावर रबरी चटई ठेवलेली असते.

पुढून ५० मिमी उचलून गाडी रिकामी असताना सपाट केली, की माल भरल्यावर ती नाक वर करते. पुढच्या चाकांवरचा भार घटतो, स्टिअरिंग हलकं होतं, वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला सरकू बघते. म्हणजे पार्किंगमध्ये सपाट दिसावी म्हणून कामाच्या वेळी वाकडी करून घ्यायची. ज्यांच्या हौद्यात कायम चटईच असते त्यांना याचा त्रास नाही, हे मान्य.

उचलण्याचे प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. बॉडी लिफ्टमध्ये फक्त पत्रा वर जातो. चेसिस, सस्पेन्शन, धुरे सगळं होतं तिथेच राहतं. मिळते ती मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा. सस्पेन्शन लिफ्टमध्ये चेसिसही वर जाते, आणि तिथे खरा फायदा आहे: चढाला भिडताना पुढचा बंपर घासत नाही, उंचवटा ओलांडताना पोट टेकत नाही, उतरताना मागचं टोक अडकत नाही. खरोखर दगडधोंड्यांत जाणाऱ्याला ४०-५० मिमीने फरक पडतो, यात वाद नाही. पण अखंड धुऱ्याचा डिफरन्शियल दोन्ही प्रकारांत जागचा हलत नाही. त्याला वर नेतो तो टायर, आणि तोही व्यासात वाढेल त्याच्या निम्माच.

हिशोब करून बघा. २६५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिमी. २८५/७० आर १७ चा सुमारे ८३१. फरक ५५, म्हणजे डिफरन्शियल वर गेला २७ मिमी. बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने पळते, सगळे गिअर तेवढ्याच प्रमाणात जड होतात, ब्रेकला जास्त वजनाचं चाक थांबवावं लागतं, आणि स्टेपनी बऱ्याच गाड्यांत हौद्याखालच्या जागेत मावत नाही. मग ती हौद्यात येते. चला, हौद्यात काहीतरी आलं.

पुढच्या बाजूला स्पेसर फार लोकप्रिय, कारण तो स्वस्त असतो आणि अर्ध्या दिवसात बसतो. स्ट्रटच्या डोक्यावर २५ मिमीची चकती ठेवली तर चाकापाशी उंची साधारण दुप्पट वाढते, कारण स्ट्रट खालच्या आर्मला (चाक धरणाऱ्या दांडीला) मध्ये कुठेतरी धरतो आणि चाक आर्मच्या टोकाला असतं. हे माहीत नसलेले ५० मिमी उंचीसाठी ५० मिमीचीच चकती घालतात आणि मग गाडीचा आ वासलेला बघत बसतात. चकतीमुळे आर्म आधीपेक्षा खाली लोंबतो. वरचा बॉल जॉइंट शेवटच्या कोनाला टेकतो, काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगलाच घासतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या अॅक्सलचे जॉइंट तिरके चालतात, रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि थोड्याच दिवसांत वळताना टकटक ऐकू येते.

शिवाय कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. म्हणजे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासं होतं आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते. ५० मिमीच्या वर जायचं असेल तर वरचे आर्म बदललेलेच बरे, नुसत्या अलाइनमेंटने तो कॅस्टर भरून निघत नाही. त्याखालीही अलाइनमेंट हवीच. "हात सोडला तरी सरळ जाते" ही तपासणी नव्हे.

टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असलेल्या जुन्या गाड्यांत काही जण नुसता बोल्ट पिळून पुढचा भाग वर घेतात आणि सांगतात की बार कडक केला. बार कडक होत नाही, तो होता तेवढाच कडक राहतो. बदलतं ते एवढंच, की चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला की आर्म वरून अडकणीवर आपटतो. ठक. या ठकला लोक "दणकट झाली" म्हणतात.

मागे ठोकळा. धुरा आणि पाटे यांच्यामध्ये तो बसतो, लांब यू-बोल्टने आवळला जातो. एक ठोकळा, चांगला बीडाचा किंवा पोलादी, मर्यादित उंचीचा, चालतो. ठोकळ्यावर ठोकळा चढवायचा नाही, आणि पाट्यांवरच्या पुढच्या धुऱ्याला ठोकळा अजिबात लावायचा नाही. इंजिनचा जोर लागला की धुरा स्वतःभोवती पिळू बघतो आणि पाट्यांना एस आकारात वाकवतो. ठोकळा जितका उंच, तितका तो पीळ जोरदार. मग जोरात रेस केल्यावर मागची चाकं जागच्या जागी उड्या मारतात.

यू-बोल्ट नवेच घ्यायचे. आवळताना ते ताणले जातात, जुने पुन्हा वापरले की पकड धरत नाहीत. आलटून पालटून, टॉर्क रेंचने आवळायचे, आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे, कारण पाटे बसतात आणि नट सैल पडतात. हे दुसऱ्यांदा तपासणं कुणीही करत नाही. ग्राहक येत नाही, गॅरेज बोलवत नाही.

पाट्यांच्या आणि आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्टही गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचे आवळू नयेत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन सस्पेन्शनवर, मग आवळायचं. नाहीतर बुशचं रबर लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं आणि जमिनीवर आल्यापासून आयुष्यभर पिळलेलं राहतं. ते आयुष्य अर्थातच लहान असतं. मग "लोकल बुश निघाले" म्हणून बिचाऱ्या बुशला शिव्या.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ब्रेकची. कित्येक पिकअपमध्ये चेसिसवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची काडी मागच्या धुऱ्याला जोडलेली असते. माल भरला, चेसिस खाली आली, काडी हलली, की मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. आता मागून ५० मिमी उचला आणि काडी तशीच सोडा: व्हॉल्व्हच्या मते गाडी कायम रिकामी. हौदा भरलेला असतानाही मागचे ब्रेक हात राखून काम करतात आणि सगळा भार पुढच्यांवर. काडीखाली उंचीइतकाच ब्रॅकेट दिला की प्रश्न मिटतो. जोडीला ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लोंबल्यावर ताणत नाहीत ना, हेही बघायचं. किटच्या खोक्यावर उड्या मारणाऱ्या गाडीचं चित्र असतं, ब्रॅकेटचं नसतं.

मग सस्पेन्शनला हातच लावू नये का? लावावा, पण आधी वजनकाट्यावर जावं. हौद्यावर टोपी, अवजारांची पेटी, पाण्याची टाकी असं २००-३०० किलो कायमचं बसलेलं असेल तर तेवढ्या कायम भाराला जुळणारे पाटे घ्यावेत. पुढे विंच आणि लोखंडी बंपर असेल तर पुढच्या स्प्रिंगाही त्या भाराच्या. कधीमधीच माल असेल तर जाड पाट्यांनी उरलेले सगळे दिवस पाठ मोडून घेण्यात अर्थ नाही. चेसिस आणि धुऱ्यामध्ये बसणारे हवेचे फुगे त्यासाठी बरे. रिकामे असताना हवा अगदी कमी, पण बनवणाऱ्याने सांगितलेल्या किमान दाबाच्या खाली नाही. फुगा मात्र चेसिसला धुऱ्याच्या बरोबर वर एका जागी रेटतो, जिथे पाटे तेच वजन पुढे आणि मागे दोन टोकांना वाटतात. मागे लोंबणारं जड ओझं आणि खच्चून भरलेले फुगे यांमुळे केबिनमागे वाकलेल्या चेसिस बघायला मिळतात.

आणि काहीही बसवलं तरी दारातल्या पट्टीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. बेअरिंग, धुरा, ब्रेक, चेसिस सगळं तेच आहे. मागून बसत नाही म्हणजे पेलते, असं नव्हे.

शॉक अॅब्सॉर्बर हा माझ्या मते सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च. सलग खडखडाटाच्या रस्त्यावर कंपनीच्या शॉकमधलं तेल तापतं, फेसाळतं, आणि गाडी डुलायला लागते. जाड नळीचे, दाबाखाली गॅस असलेले शॉक जास्त वेळ टिकाव धरतात. लांबी उंचीला जुळती हवी. आखूड शॉक पूर्ण ताणून तुटतो, लांब शॉक दबताना बूड टेकतो. उंची वाढवली असेल तर बंप स्टॉपही (चाक वर दबताना अडवणारे रबरी ठोकळे) त्या मापाने खाली यायला हवेत. अडचण इतकीच की नवे शॉक पार्किंगमध्ये उभ्या गाडीत दिसत नाहीत. त्यांच्याकडे बघून कोणी अरेरेही म्हणत नाही आणि वाहवाही करत नाही.

दिसण्यासाठीच करायचं असेल तर त्यालाही अंत नाही. वाळवंटातल्या शर्यतींच्या गाड्यांची नक्कल म्हणून अमेरिकेत पुढून खूप उचललेल्या आणि मागून बसवलेल्या पिकअपची टूम निघाली. समोरचा रस्ता बॉनेटआड गेला तरी लोक हौसेने चालवत होते. शेवटी नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ मध्ये पुढचं फेंडर मागच्यापेक्षा ४ इंच किंवा जास्त उंच ठेवण्यावर बंदी आणली. व्हर्जिनिया २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलिना २०२३ मध्ये त्याच वाटेने गेलं. इंचपट्टी घेऊन कायदा करायची वेळ सरकारवर आणणं, ही सस्पेन्शनच्या इतिहासातली कामगिरीच म्हणायची.

माझा खरा राग मात्र दिव्यांवर आहे. तुमची चेसिस, तुमचे बुश, तुम्ही बघून घ्या. पण हेडलाइटचा डीपर साधारण १ टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे १० मीटरवर १० सेंमी. सुमारे ३.१ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या अंतराची) गाडी फक्त पुढून ५० मिमी उचलली की झोत १.६ टक्के वर फिरतो. खाली जाणारा उजेड आता वर निघाला, थेट समोरच्याच्या डोळ्यांत किंवा पुढच्याच्या आरशात. हौदा भरला की आणखी वर. केबिनमध्ये खालीवर करायचं चाक असेल तर माल असताना ते तरी फिरवा. नाहीतर सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची मोजा, भिंतीवर त्याच्या १० सेंमी खाली चिकटपट्टी लावा आणि झोताची वरची कड तिथे येईपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवा. दहा मिनिटांचं काम आहे. किट बसवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "ते पॅकेजमध्ये येत नाही."