डोकं कोणाचं?

माझं डोकं माझं आहे, असं मी जाहीरपणे पहिल्यांदा म्हणालो ते २०१९च्या जानेवारीत. १ तारखेपासून पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली आणि अख्खं शहर तत्त्वज्ञ झालं. एरवी दुपारी एक ते चार देवाशीही न बोलणारे लोक भर उन्हात व्यक्तिस्वातंत्र्यावर बोलू लागले. शेजारच्या अण्णांनी माळ्यावरची पगडी काढून झटकली, डोक्यावर चढवली आणि मला स्कूटरवर मागे बसवून विरोधाच्या रॅलीत नेलं. त्यांचा मुद्दा कायदेशीर होता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९ : पगडी बांधलेल्या शिखांना हेल्मेटमधून सूट. "मग पुणेरी पगडीनं काय घोडं मारलंय?" अण्णा मान वळवून ओरडत होते. वाऱ्यानं उडू नये म्हणून ती पगडी मी मागून धरून ठेवली होती.

तरी आठवड्याच्या आत मी गुपचूप हेल्मेट घेतलं. पुणेकर मरणाला भीत नाही, पाचशेच्या पावतीला भितो.

हेल्मेट घातलं रे घातलं की नाक खाजतं. ते खाजवायला काच वर केली की नेमका पुढच्या बसचा धूर आत शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो. पण खरा प्रश्न गाडीवरून उतरल्यावर. ठेवायचं कुठे? आरशाला अडकवलं तर चोरीला जातं. (माझं पहिलं तसंच गेलं. चोराला तरी सुरक्षिततेची चाड होती म्हणायची.) हातात धरून मंडईत गेलो, तर भाजीवालीनं त्यातच कोथिंबिरीची जुडी टाकली. "पिशवी आणलीय की दादांनी!" परत निघताना विसरून तसंच डोक्यावर चढवलं. पुढच्या सिग्नलला कपाळावरून चिखलाचं पाणी ओघळत होतं आणि कानाजवळून एक काडी बाहेर डोकावत होती. शेजारच्या रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहून स्वतःहून गाडी चार फूट लांब घेतली.

तेव्हापासून मी सर्वमान्य पुणेरी तोडगा स्वीकारला. हेल्मेट कोपरात. हवालदार दिसला की डोक्यावर, चौक ओलांडला की पुन्हा कोपरात. एका चौकात मात्र हवालदार झाडामागे होता.

"काका, मेंदू कोपरात आहे का?"

हा शुद्ध अपमान होता. मी गाडी स्टँडला लावली आणि त्याला मुळापासून समजवायला घेतलं. हा वाद या शहराला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचं बिल आलं. विषय कितीतरी गंभीर होता, मुलींच्या संमतीचं वय १० वरून १२ करायचं होतं. पण भांडण हेच. टिळक म्हणाले, सुधारणा समाजानं आपली आपण करावी, परक्या सरकारनं कायदा करून आमच्या घरात शिरू नये. माझं टिळकांचं संपेपर्यंत त्यानं नंबर प्लेटचा फोटो काढला होता. आगरकर म्हणाले, समाज हलत नसेल तर कायद्यानं हलवावा... आणि माझ्या खिशात मोबाइल वाजला. चलान आलं होतं.

"सरकार परकं नाही आता," मी स्वतःच कबूल केलं, "पण डोकं तर माझंच ना?"

"तुमचंच हो काका. फुटलं की उचलायला मात्र आम्ही. पंचनामा मी लिहितो. घरी फोन पण मीच करतो."

यावर मला काही सुचेना. मग सगळे जे म्हणतात तेच मी म्हणालो, "आधी खड्डे बुजवा!" तो म्हणाला, "ते महापालिकेचं." मी आवाज आणखी चढवणार होतो, पण आठवलं, की आमच्या बोळाच्या तोंडाशी गतिरोधक टाका म्हणून त्याच महापालिकेला मी तीन अर्ज दिले आहेत. म्हणजे इतरांच्या वेगात सरकारनं जरूर लक्ष घालावं. माझं डोकं तेवढं सोडावं.

सरकारचं चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी, असं माझं मत आहे. पुण्यातल्या मुली स्कूटरवर स्कार्फ बांधतात तो बघा. फक्त डोळे दिसतात, बाप शेजारून गेला तरी ओळखत नाही. त्यासाठी कलम नाही, दंड नाही. उद्या स्कार्फसक्ती करा, परवा सगळ्या जणी केस मोकळे सोडून रॅलीत.

परवा आमच्या लेकीला लायसन्स मिळालं. पहिल्याच दिवशी ती किल्ली फिरवत निघाली, डोकं मोकळं. मी दारात आडवा उभा राहिलो.

"बाबा, डोकं माझं आहे."

"तुझंच आहे गं. पण फुटलं की..." म्हणालो आणि जीभ चावली. हवालदाराचंच वाक्य, त्याच चालीवर.

"मग पावती फाडा," ती म्हणाली. तरी तणतणत तिनं हेल्मेट घातलं आणि जिना उतरली. मी गॅलरीत धावलो. स्कूटर सुरू झाली होती आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नुसता लोंबत होता. मी ओरडण्याआधीच शेजारच्या गॅलरीतून अण्णांचा, रॅलीत घोषणा देतानाचा, तोच खणखणीत आवाज आला :

"बक्कल लाव गं, बक्कल!"