९० डिग्रीला चिप जळत नाही, आणि कूलिंग पॅडने सगळं थंडही होत नाही

उन्हाळा लागला की गेमिंग लॅपटॉपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: प्रोसेसर (सीपीयू) ९० डिग्रीच्या वर गेला की चिप जळायला लागते. म्हणून विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्क्यांवर आणा, खाली कूलिंग पॅड (फॅनवाला स्टँड) ठेवा, चिप आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट दर सहा महिन्यांनी बदला, जमलं तर तिच्याजागी लिक्विड मेटल (द्रव धातू) भरा, आणि खेळताना चार्जर काढून ठेवा. यातलं एखाद-दुसरं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच तो मेसेज मरत नाही. एकेक घेऊ.

«९० च्या वर गेला की चिप जळते»

इंटेलच्या आय७-१२७००एचची कमाल मर्यादा १०० डिग्री आहे, एएमडीच्या रायझन ७ ५८००एचची १०५, आणि त्याच्याच पुढच्या पिढीतल्या ६८००एचची ९५. हे आकडे कंपन्यांनीच दिलेले आहेत. मर्यादा गाठली की चिप स्वतःच क्लॉक (म्हणजे वेग) आणि व्होल्टेज उतरवते. तरीही तापमान चढत राहिलं तर मशीन बंद होतं. शिवाय १२७००एच ४५ वॅटचा प्रोसेसर म्हणून विकला जात असला तरी टर्बोमध्ये, म्हणजे मूळ वेगाच्या वर पळताना, ११५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. मोकळीक मिळेल तेवढे वॅट तो घेणारच, त्याची रचनाच तशी आहे. गेमची लेव्हल लोड होताना दोन सेकंद ९६ दिसले आणि मग ८२ वर स्थिरावलं, तर काहीही बिघडलेलं नाही. नखाएवढ्या सिलिकॉनवर एकदम भार येतो आणि फॅनला वेग पकडायला काही सेकंद लागतात, एवढंच.

नुसती डिग्री बघून काही कळत नाही, ती वॅटबरोबर बघावी लागते. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं अ‍ॅप फक्त सेन्सर मोडमध्ये उघडा, नेहमीचा गेम वीसेक मिनिटं चालवा आणि चार ओळी वाचा: सीपीयूचं तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर (चिप खात असलेले वॅट), इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्ष वेग) आणि जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स चिपची, पॉवर. ९५ डिग्रीला ७० वॅट दिसत असतील तर कूलिंग आपलं काम करतंय, भारच जास्त आहे. ९५ डिग्रीला जेमतेम ३० वॅट दिसत असतील तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचत नाही किंवा तिथून बाहेर पडत नाही. डिग्री तीच, पण पहिल्यात वॅट कमी करायचे आणि दुसऱ्यात मशीन उघडायचं.

जीपीयूचं गणित निराळं. एनव्हिडियाचे लॅपटॉप जीपीयू साधारण ८७ डिग्रीला स्वतःला आवरायला लागतात, त्यामुळे ७५ ते ८५ नेहमीचंच. पण आकडा ८६-८७ ला चिकटून बसला आणि पॉवर ठरलेल्यापेक्षा कमी दिसली, तर परफॉर्मन्स उष्णतेमुळे जातोय. ठरलेली पॉवर मात्र आधी आपल्या मॉडेलच्या पानावर बघा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या एकाच नावाखाली ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतचे लॅपटॉप विकले जातात.

खोलीचं तापमान तर त्या मेसेजमध्ये येतच नाही. एसीत २४ डिग्रीला बसलेल्याचे आकडे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या ४० डिग्रीच्या खोलीत कसे जुळतील? फॅन आधीच पूर्ण वेगाने फिरत असतील तर तो सोळा डिग्रीचा फरक जवळजवळ तसाच्या तसा चिपवर चढतो. व्हिडिओतल्या माणसाचा लॅपटॉप ७८ ला आणि आपला ९२ ला, म्हणून लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

«प्रोसेसर ९९ टक्क्यांवर आणा, फरक पडत नाही»

तापमान उतरतं हे खरं. कधीकधी एकदम २० डिग्रीने उतरतं. पण ‘९९ टक्के’ ऐकून एक टक्काच गेला असं वाटतं, प्रत्यक्षात टर्बो पूर्ण बंद होतो. १२७००एचचे मोठे कोअर ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकतात, टर्बोविना ते २.३ च्या आसपास येतात. सगळा भार जीपीयूवर असलेल्या गेममध्ये हे खपून जातं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) धाडकन पडतात, आणि सरासरीपेक्षाही मधूनच बसणारे झटके जास्त जाणवतात.

तोच फायदा वेग फारसा न गमावता मिळतो, फक्त टर्बो न मारता त्याला लगाम घालायचा. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि शेवटच्या काही शे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. म्हणून वरचा थोडा वेग सोडला की वॅट भरपूर वाचतात. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये कस्टम किंवा मॅन्युअल मोड असेल तर सीपीयूची पॉवर लिमिट ४५ ते ५५ वॅटवर आणून गेम खेळून बघा. तो मोड नसेल तर इंटेलवर थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रामच्या टीपीएल खिडकीत पीएल१ आणि पीएल२ (सतत आणि थोड्या वेळासाठीच्या वॅटच्या मर्यादा) कमी करता येतात. मात्र काही लॅपटॉपांचं फर्मवेअर (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) ते आकडे मागच्या मागे पुन्हा बदलून टाकतं, म्हणून बदल केल्यावर एचडब्ल्यूइन्फोत खात्री करा. बहुतेक लॅपटॉपांत सीपीयू आणि जीपीयूचे हीटपाइप (उष्णता वाहणाऱ्या नळ्या) सामाईक असतात. त्यामुळे सीपीयूचे २० वॅट वाचले की जीपीयूलाही श्वास मिळतो.

सीपीयू अंडरव्होल्ट करा, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज द्या, असाही सल्ला मिळतो. पण २०१९ च्या अखेरीस प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यापासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांवर ती सोय बायोसमधूनच बंद आहे. एनव्हिडियाच्या जीपीयूवर मात्र बहुतेकदा जमतं, आणि खरी कमाई तिथेच आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम उघडा आणि कंट्रोल-एफ दाबा, व्होल्टेजचा आलेख येईल. आधी संपूर्ण रेष २०० मेगाहर्ट्झने खाली न्या. मग गेममध्ये नेहमी दिसणाऱ्या व्होल्टेजपेक्षा ७५-१०० मिलिव्होल्ट कमी असलेला बिंदू निवडा, तो नेहमीच्या क्लॉकच्या थोडा खाली उचला, आणि अप्लाय करा. त्याच्या उजवीकडची रेष सपाट झाली पाहिजे. अर्धा तास जड गेम चालवा. ड्रायव्हर क्रॅश झाला किंवा चित्रात ठिपके आले तर १५-१५ मेगाहर्ट्झने खाली या. दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवू नका, एकाच मॉडेलच्या दोन चिपाही सारख्या निघत नाहीत. सगळं जमेपर्यंत ‘स्टार्टअपला लागू करा’ची खूण करू नका, नाहीतर चुकीची सेटिंग दर वेळी मशीन सुरू होतानाच लागू होईल.

एवढी खटपट नको असेल तर एफपीएसला मर्यादा घाला. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर एकट्याने खेळायच्या गेमला ८०-९० एफपीएस पुरतात, आणि सीपीयू-जीपीयू दोघांचेही वॅट कमी होतात.

«कूलिंग पॅड घ्या»

स्वस्त पॅडमुळे जो फरक पडतो त्यातला मोठा वाटा लॅपटॉप उचलला गेल्याचा असतो. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर वर घेतली की तेवढं पदरात पडतं, मग खाली पुस्तक ठेवा नाहीतर लाकडी ठोकळे, जाळी झाकली जाऊ नये म्हणजे झालं. पॅडचा फॅन बंद प्लॅस्टिकवर वारा मारत असेल तर दिव्यांखेरीज काही मिळत नाही. कडेला फोमची पट्टी असलेले, हवा कोंडून आत ढकलणारे जोरदार ब्लोअरचे पॅड खरंच काम करतात. पण त्यांचा आवाज मोठा, आणि फिल्टर नसेल तर धूळही तेवढ्याच जोराने आत जाते. खाली बर्फाची पिशवी ठेवायची युक्ती कोकणात किंवा मुंबईत चुकूनही करू नका. तिथल्या दमट हवेत थंड पत्र्यावर आणि आतल्या बोर्डावर पाणी सुटतं.

«दर सहा महिन्यांनी पेस्ट, नाहीतर लिक्विड मेटल»

सहा महिन्यांत भरते ती धूळ. फॅन आणि तांब्याच्या पातळ पात्यांच्या मध्ये तिचा नमद्यासारखा थर बसतो, आणि झाकण न काढता बाहेरून फुंकर मारली तर तो आणखी आत दबतो. खालचं झाकण काढा, सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, फॅन काडीने अडवून धरा आणि पात्यांच्या बाहेरच्या बाजूने आत ब्लोअर मारा. फॅन मोकळा सोडून ब्लोअर मारला तर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जायची भीती असते.

पेस्ट तारखेवर नाही, लक्षणांवर बदलायची. कमी वॅटला जास्त डिग्री, एखादा कोअर इतरांपेक्षा १५-२० डिग्री गरम, किंवा जीपीयूचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वात गरम बिंदू) यांत २५ च्या वर फरक, अशी लक्षणं. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर झाकण नसतं. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत पातळ पेस्ट कडेला सरकते आणि काही महिन्यांत पुन्हा तिथेच. म्हणून घट्ट पेस्ट घ्या, नाहीतर हनीवेलची पीटीएम७९५० ही फेज-चेंज शीट वापरा. ती खोलीच्या तापमानाला घट्ट असते आणि ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होते. लावण्याआधी काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की वरची फिल्म न फाटता निघते. पहिल्याच दिवशी निकाल काढू नका, तापून-निवून बसायला तिला काही फेऱ्या लागतात. मेमरीवरचे उष्णता वाहणारे मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचे हवेत. अर्धा मिलिमीटर जाड लावलात तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही, आणि मग पेस्टला शिव्या बसतात.

लिक्विड मेटल घरी भरू नका. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि ते विजेचं वाहक असल्याने चिपभोवतीच्या बारीक कपॅसिटरांवर एक थेंब गेला तरी बोर्ड जातो. कारखान्यात भरलेल्या मॉडेलांना त्यासाठी आत बांध घातलेला असतो.

«चार्जर काढून खेळा»

बॅटरी २३० वॅटच्या अ‍ॅडॅप्टरएवढी वीज देऊ शकत नाही. म्हणून जीपीयू आपोआप दबतो आणि एफपीएस निम्म्यावर आले तरी नवल नाही. वर बॅटरी जोरात रिकामी होताना स्वतःच तापते. १०० वॅटच्या टाइप-सी चार्जरवर खेळलात तरी मोठ्या लॅपटॉपमध्ये उरलेली वीज बॅटरीतूनच जाते. मूळ चार्जर लावा आणि कंपनीच्या अ‍ॅपमधून चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घाला, कारण सतत पूर्ण भरलेली आणि वर गरम बॅटरी लवकर म्हातारी होते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा खालचं झाकण फुगलं, तर चार्जर काढा, मशीन बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. दाबून झाकण बसवायचा प्रयत्न नको.