जपायचं कशाला, ऐका की

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन आठवडे धुमश्चक्री चाललीय. गणपतीतल्या चौथ्या दिवशीचा नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवायचा की त्या जागी ऑर्केस्ट्रा आणायचा, हा वाद. काढा म्हणणाऱ्यांचा हिशेब सरळ आहे: साठ खुर्च्या मांडतो, वीस भरतात, त्यातल्या आठांवर गाणाऱ्यांच्या घरचेच. ठेवा म्हणणारे थेट 1880 पर्यंत मागे जातात. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’, बालगंधर्व, वन्समोअर, ही परंपरा आहे, जपलीच पाहिजे. मध्येच कुणीतरी अभिजात दर्जाही ओढून आणला. तो 2024 मध्ये भाषेला मिळाला, सोसायटीच्या तबल्याला नाही, पण असो.

मी हे सगळं टोरांटोत रात्री दोन वाजता वाचतो. दोनशेच्या वर मेसेज झाले असतील. ‘कालबाह्य’ आलं, ‘संस्कृती’ आलं, ‘बजेट’ तर पंधरा वेळा आलं. ‘मला आवडतं’ एवढं कुणी लिहिलेलं सापडलं नाही.

मला का खटकलं ते सांगायला जरा लांबून यावं लागेल. 2009 साली मी इथे उतरलो तेव्हा माझ्या बॅगांच्या पट्ट्यांवर ‘वायवायझेड’ छापलेलं होतं. टोरांटोच्या विमानतळाचा तो कोड. ऑफिसात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने ती पट्टी माझ्या सॅकवर पाहिली आणि पेन्सिलीने टेबलावर काहीतरी वाजवायला लागला. मी तबल्याच्या तीन परीक्षा दिलेला माणूस, हात आपोआप मोजायला लागले. वाय म्हणजे मोर्स लिपीत लांब-आखूड-लांब-लांब. लांबाच्या दोन, आखुडाची एक मात्रा धरली तर सात. पुन्हा सात. झेडच्या सहा. एकूण वीस, म्हणजे झपतालाची दोन आवर्तनं. विभाग मात्र झपतालाशी मुळीच जुळत नाहीत आणि सगळी गंमत तिथेच आहे. विमानतळाच्या रेडिओ संकेतावरून बांधलेली ही सुरावट रश नावाच्या बँडची, हे त्याने मग अर्धा तास सांगितलं. जेवायची सुट्टी संपली तरी सांगत होता.

तर रश. टोरांटोच्या उत्तरेकडच्या विलोडेलमध्ये 1968 साली सुरू झालेला बँड, माणसं तीनच. गिटारवर ॲलेक्स लाइफसन, सर्बियन स्थलांतरितांचा मुलगा. बास आणि गाणं गेडी लीकडे. त्याचे आईवडील पोलंडचे ज्यू, नाझी छळछावण्यांतून वाचून आलेले. खरं नाव गॅरी. आईच्या पोलिश उच्चारात त्याचं गेडी झालं आणि तेच टिकलं. ड्रमवर 1974 पासून नील पर्ट. तो आधी वडिलांच्या शेतीअवजारांच्या दुकानात सुटे भाग विकायचा.

तिघेही वाजवण्यात वाघ. पण फॅशनेबल? कधीच नाही. गेडीचा आवाज इतका वर चढतो की माझी बायको अजूनही दुसऱ्या खोलीत निघून जाते, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मीही मनातून गेलोच होतो. पर्टची गीतं पुस्तकी. समीक्षकांनी त्यांना अनेक वर्षं धुतलं. पर्टने आयन रँड या कट्टर व्यक्तिवादी अमेरिकी लेखिकेचे ऋण मानले म्हणून 1978 मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकाने त्यांच्यात फॅसिझमची छटा शोधली. छळछावणीतून वाचलेल्यांच्या मुलाच्या बँडमध्ये! 1975 चा अल्बम आपटला, तेव्हा कंपनीने बजावलं की छोटी, रेडिओवर लावता येतील अशी गाणी करा. यांनी पुढच्या वर्षी ‘2112’ काढला आणि त्याची पहिली अख्खी बाजू वीस मिनिटांच्या एकाच गाण्याला दिली. (मला ते गाणं दमवतं. 1981 चा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ कधीही ऐकेन.) तो रेकॉर्ड खपला आणि त्यानंतर कंपनी त्यांच्या वाटेला गेली नाही.

तो खपवला कुणी? चष्मा लावणाऱ्या, एकट्या, गणितात बऱ्या पोरांनी. त्या काळी त्यांना वर्गात कुणी विचारत नसे. आज ती पोरं साठीत आहेत. रशच्या कार्यक्रमात पुरुषांच्या स्वच्छतागृहापुढे रांग आणि बायकांचं रिकामं, हा इथला जुना विनोद आहे.

आता ग्रुपवर माझी साक्ष काढली गेली ती वेगळ्याच मुद्द्यावर. आमच्या एका काकांनी लिहिलं, ‘कॅनडात बघा, स्थानिक गाणी रेडिओवर लावायची सक्ती आहे. आपल्याकडे मराठीसाठी तसा कायदा हवा.’ आणि पुढे माझं नाव टॅग.

काकांची माहिती बरोबर आहे. 1971 पासून इथल्या रेडिओवर तीस टक्के संगीत कॅनडाचं असावं असा नियम आला, पुढे तो पस्तीसवर गेला. पुष्कळ कलाकारांना त्याने हात दिला आणि मुंबईच्या एफएमवर मराठी गाणं शोधावं लागतं ही तक्रारही खोटी नाही. पण रशची गोष्ट त्या नियमात बसत नाही. नियम लागू होऊन तीन वर्षं झाली होती, तरी त्यांचा पहिला रेकॉर्ड कॅनडातल्या कंपन्यांनी घेतला नाही. तो त्यांना स्वतःच्या खर्चाने काढावा लागला. उचलला कुणी, तर सीमेपलीकडच्या क्लीव्हलंडमध्ये एका रेडिओ केंद्रावरच्या बाईंनी. कामावर जाणाऱ्या माणसाचं एक सात मिनिटांचं गाणं त्यांनी लावलं आणि त्या कारखान्यांच्या गावात फोन खणाणले. घरच्यांचं लक्ष गेलं ते त्यानंतर. पुण्यामुंबईने वाहवा केल्यावर गावाला आपला गवई दिसावा, तसंच. कॅनडाचं अमेरिकेपुढचं अवघडलेपण पाहिलं की मला परक्या देशात आहोत असं वाटत नाही.

नियमाने गाणं कानापर्यंत पोचतं, याबद्दल माझं काकांशी भांडण नाही. फोन मात्र कुणाला तरी आपणहून उचलावा लागतो.

आणि हे चाहते प्रमाणपत्राच्या पलीकडे गेलेले संत आहेत, असंही मी म्हणणार नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम नावाचा अमेरिकी मानाचा दरवाजा रशसाठी पात्र होऊनही दीड दशक बंद राहिला. त्या काळात या मंडळींनी जो थयथयाट केला, तो आमच्या सोसायटीच्या तोडीचा होता. माझा सहकारी दर वर्षी यादी आली की दोन दिवस कुणाशी धड बोलत नसे. एप्रिल 2013 मध्ये अखेर मान मिळाला. संस्थेच्या प्रमुखाची आधी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, मग टोरांटोचं नाव निघताच सभागृह डोक्यावर घेतलं. लाइफसन भाषणाला उभा राहिला आणि दोन-अडीच मिनिटं नुसतं ‘ब्ला ब्ला ब्ला’ म्हणाला. हातवारे, चढउतार, सगळं भाषणाचं, शब्द एकच. एवढी वर्षं ज्यासाठी भांडलो त्याची अशी टोपी उडवलेली पाहून माझा सहकारी डोळ्यांत पाणी येईतो हसला.

ही थट्टा त्यांना पूर्वीपासून जमायची. गेडीला मंचावर मोठे ॲम्प्लिफायर लागेनासे झाले, तेव्हा मागची रिकामी जागा भरायला त्याने कपडे वाळवायची मशीन लावली. पुढे कोंबड्या भाजायच्या भट्ट्या आल्या. समोर कठीण लयीचं काम चाललेलं आणि मागून टोपी घातलेला आचारी येऊन कोंबड्यांना तेल लावून जायचा. आमच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमात आधी दीपप्रज्वलन, मग चार जणांचा शाल-श्रीफळ, मग या कलेच्या ऱ्हासावर अध्यक्षांचं मनोगत. गाणं सुरू होईपर्यंत माणूस सुतकात गेलेला असतो.

थट्टा वाजवण्याची मात्र नव्हती. नील पर्टला जग ड्रमचा प्रोफेसर म्हणत असताना, चाळिशी उलटल्यावर, तो एका जुन्या जॅझ गुरूकडे शिकायला बसला. काड्या धरायची पद्धत बदलली, हात पुन्हा घडवला. 1997-98 मध्ये दहा महिन्यांत त्याची एकुलती मुलगी आणि बायको दोघी गेल्या. तो मोटरसायकल घेऊन निघाला आणि हजारो मैल फिरत राहिला. बँड थांबला, पण चाहत्यांनी त्याला ‘परत ये’ म्हणून छळलं नाही. 2002 मध्ये रश पुन्हा मंचावर आला. जानेवारी 2020 मधल्या एका शुक्रवारी पर्ट गेल्याची बातमी आली. माझा सहकारी ऑफिसबाहेर गाडीत जाऊन बसला. मी दोन कॉफ्या घेऊन गेलो. तासभर आम्ही काही बोललो नाही, नुसतं रश ऐकलं.

असं ऐकणारे आपल्याकडे नाहीत असं कोण म्हणेल? माझी सासुरवाडी गोव्यातल्या फोंड्याकडची. तिथे देवळाच्या उत्सवात गावातला पोस्टमन, दुकानदार, शिक्षक पदरचे पैसे घालून संगीत नाटक उभं करतात. तालमीला भांडतात, पहाटेपर्यंत बसतात. परंपरा जपतोय असं त्यांच्यातला एकही माझ्याशी बोलताना म्हणाला नाही. पेटीवाला यंदा कोण आणि पडदा कुठून आणायचा, याच्याच चर्चा.

ऑक्टोबर 2025 मध्ये गेडी आणि ॲलेक्सने अनिका निलेस या जर्मन ड्रमवादिकेला घेऊन 2026 चा दौरा जाहीर केला. पर्टच्या जागी कुणी, यावर दोन दिवस कुरबुर करून माझ्या सहकाऱ्याने तिकिटं काढलीच. एक माझ्यासाठी, न विचारता.

त्याच रात्री मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: ‘मला नाट्यगीतं आवडतात. परंपरा वगैरे राहू दे, मला ऐकायला आवडतात. यंदाचे पेटी-तबल्याचे पैसे मी पाठवतो.’ दोन अंगठे आले. ऑर्केस्ट्रावाल्या गटातल्या एका पोराने लिहिलं, ‘कॅनडात बसून सोपं आहे, दादा.’ यावर मला उत्तर सुचेना.

मग तळमजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला. या सगळ्या वादात त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. ‘पैसे राहू देत. येऊन खुर्चीवर बस.’