'मागे वळून पाहू नका' हा कसला सल्ला?

जून आला की एक मेसेज हमखास फिरतो: 'मुलाला शाळेत सोडताना आईने नजर चुकवून निघून जावे. रडणारे मूल लाडावलेले असते. तीन दिवसांत गप्प होते, म्हणजे रुळले. अडीच वर्षांचे झाले की घालाच, नाहीतर मागे पडते. आपल्या वेळी कोण होते लाड करायला?' काल तो माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या सासूबाईंनी पाठवला. सोमवारपासून भाचा नर्सरीत जायचाय. रात्री अकराला तिचा फोन, "ताई, खरंच असं लपून निघायचं का गं?"

अजिबात नाही.

मूल ठोकळे रचण्यात गुंगलंय, मान वर करून बघतं तर आई गायब. यातून ते एवढंच शिकतं की आपण खेळात रमलो की आई जाते. दुसऱ्या दिवशी ते ठोकळ्यांना हात लावत नाही, ओढणी सोडत नाही. घरीसुद्धा आई बाथरूममध्ये गेली की दाराशी उभं. आपणच त्याला पहाऱ्यावर बसवायचं आणि वर चिकट म्हणायचं!

निरोप लांबवू नये, एवढं मान्य. आईच दारात पाचदा परतून डोळे पुसायला लागली तर पोरालाही वाटतं, इथे काहीतरी भीतीचं आहे. पण म्हणून पळ काढायचा?

आणि लाडावलेलं म्हणे! बर्लिनमध्ये १५ महिन्यांच्या ७० बाळांचा पाळणाघरात जातानाचा अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. आई निघून गेल्यावर तासाभरात ते घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्के वाढलं, तेही पहिल्या नऊ दिवसांत. पाच महिन्यांनी पातळी बरीच उतरली होती, तरी घरच्याहून थोडी जास्तच. मग तीन दिवसांचा हिशोब कुणी मांडला? त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं: सुरुवातीला ज्या आया जास्त दिवस सोबत बसल्या, त्यांच्या बाळांचं आईशी नातं सुरक्षित राहिलं किंवा आधीपेक्षा सुरक्षित झालं.

अडीच वर्षांची घाई तर सोडाच. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शिक्षण तीन वर्षं पूर्ण झाल्यापासून मोजतं आणि पहिलीला सहा वर्षं धरतं.

'आपल्या वेळी'चं उत्तर मात्र द्यायलाच हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मुलाला ओढून आणण्यापेक्षा त्याच्या ओळखीच्या जागेपासून सुरुवात करावी, हे आपल्याकडे तेव्हाच कळलं होतं.

बहिणीला सांगितलंय: पहिला आठवडा वर्गात बसू देतात का ते बाईंना विचार. नाही म्हणाल्या तर व्हरांड्यात बस. निघताना त्याला सांग, "डबा खाऊन झाला की मी फाटकापाशी असेन." आणि डब्याच्या सुट्टीआधी पाच मिनिटं तिथे जाऊन उभी राहा.