लेखनिक नुसते नक्कल करणारे नव्हते

जुन्या काळच्या लेखनिकांवरच्या तुमच्या लेखात त्या कारकुनांना 'नुसते नक्कल करणारे' म्हटलंय, ते मला पटलं नाही. आमच्या आजोबांच्या जमिनीचा मोडी, म्हणजे जुन्या मराठी लिपीतला, कागद वाचून घ्यायला मी मोडी वाचकाकडे गेले होते, तेव्हा मोडी लिहिण्याचं काम जवळून पाहिलं. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग बोरू (वेताची लेखणी) शक्यतो न उचलता अक्षरं जोडत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. हे पाहून चुका न करता प्रत काढायची म्हणजे मजकूर समजलेलाच माणूस हवा! आणि पत्राच्या शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीची मुद्रा. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर 'मर्यादेयं विराजते' असते ना, तीच. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये, यासाठी. महाराजांचा पत्रव्यवहार सांभाळणारे बाळाजी आवजी चिटणीस तर त्यांच्या विश्वासातले होते.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात (जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात) असे मोडी कागद जपलेले आहेत, जरूर बघा. जीपीओसमोर (मुख्य टपाल कार्यालयासमोर) मनीऑर्डरचे फॉर्म भरून देणारे, पार्सल कापडात शिवून लाखेने बंद करणारे पत्रलेखकही मला त्याच परंपरेतले वाटतात. त्यांच्यावर वेगळा लेख लिहा, ही मनापासून विनंती.